पवईच्या काठचा फुलपाखरांचा संसार

पवई तलावावर सकाळी येणाऱ्यांचे तोंड बहुधा पाण्याकडे असते. पक्षीनिरीक्षक दुर्बिणीतून पाणकावळे आणि बगळे न्याहाळतात, गळ टाकून बसलेल्यांची नजर पाण्यावरून हलत नाही आणि नवखे लोक एखादी मगर ऊन खायला वर आली आहे का, याचा शोध घेत राहतात. फुलपाखरांच्या मागावर आलेला हौशी छायाचित्रकार मात्र पाण्याकडे पाठ करून उभा असतो. रस्ता आणि पाणी यांच्यामधला गवताचा, झुडपांचा आणि ओल्या चिखलाचा जो अरुंद पट्टा आहे, तिथेच त्याचे काम असते. ‘रान माजले आहे’ असे म्हणून नागरिक ज्याची तक्रार करतात, तोच हा पट्टा. मुंबईसारख्या महानगरात फुलपाखरे टिकून आहेत ती कशाच्या आधारावर, याचे उत्तर शोधायचे झाल्यास त्याची सुरुवात येथूनच करावी लागते.

मिठी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर बांध घालून १८९१च्या सुमारास हा तलाव तयार करण्यात आला. मुंबईची तहान भागवण्यासाठी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव त्याआधीच झाले होते. त्यांच्या जोडीला पवईची भर पडावी हा हेतू होता. परंतु पवईचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही आणि ते पिण्याव्यतिरिक्तच्या गरजांसाठी वापरले जाऊ लागले. विहार आणि तुळशीचे काठ बंदोबस्तात राहिले, पवईचा काठ सर्वांना मोकळा राहिला. त्याची किंमतही या तलावाने मोजली आहे. सांडपाणी, गाळ, जलपर्णी, विसर्जनाचा घाट आणि एका अंगाने अखंड वाहणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता या साऱ्यांच्या वेढ्यात तो आहे. तरीही एका बाजूला ‘आयआयटी’चा वृक्षराजीने भरलेला परिसर आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या असल्यामुळे जंगलातील फुलपाखरे इथवर येऊन पोहोचतात. निळ्या-काळ्या पंखांचे, बारा ते पंधरा सेंटिमीटर पंखविस्ताराचे ‘ब्लू मॉरमॉन’ हे त्यांपैकी सर्वांत डौलदार. याच फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

फुलपाखरांना तलावाच्या पाण्याचे फारसे अप्रूप नसते. त्यांना हवा असतो तो पाण्यामुळे काठावर तयार होणारा ओलावा आणि त्या ओलाव्यावर वाढणाऱ्या विशिष्ट वनस्पती. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मधुरसावर गुजराण करू शकते. परंतु त्याची अळी या बाबतीत विलक्षण हटवादी असते. बहुतेक जातींच्या अळ्या ठराविक एक-दोन कुळांतीलच पाने खातात. योग्य पान समोर नसेल तर त्या उपाशी मरतात, दुसऱ्या पानाला तोंड लावत नाहीत. म्हणून मादी अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते चाचपून पाहते. तिच्या पायांवर रुचीची जाणीव करून देणारी इंद्रिये असतात. पानाची ‘चव’ ती पायांनीच घेते आणि ओळख पटल्यावरच अंडे चिकटवते.

पवईच्या काठावर याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोळसुंदा. तालीमखाना या नावाने ज्याचे बी औषधी दुकानांत मिळते, तीच ही वनस्पती. पाणथळ जागी कमरेइतकी वाढणारी, निळसर-जांभळ्या फुलांची आणि प्रत्येक पेऱ्यावर लांब काटे असलेली. काट्यांमुळे तिला कोणी हात लावत नाही आणि सौंदर्याच्या कोणत्याही व्याख्येत ती बसत नाही. परंतु ‘ग्रे पॅन्झी’ आणि ‘पीकॉक पॅन्झी’ या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या या कोळसुंद्यावर पोसल्या जातात. पहिले राखाडी रेशमी वस्त्रावर नागमोडी रेषा काढाव्यात तसे. दुसरे गर्द नारिंगी, पंखांवर मोराच्या पिसाऱ्यातल्यासारखे डोळे असलेले. ‘ग्रे पॅन्झी’ तर पाणथळ जागा सोडून फारसे दूर जात नाही. ज्या काठावरून कोळसुंदा उपटला जातो, तेथील ‘ग्रे पॅन्झी’ काही आठवड्यांत दिसेनासे होते, यात नवल नाही.

काठापासून थोडे वर कोरड्यात आले की पात्रे बदलतात. रुईवर ‘प्लेन टायगर’, एरंडावर ‘कॉमन कॅस्टर’, टाकळ्यावर ‘कॉमन ग्रास यलो’ आणि ‘मॉटल्ड एमिग्रंट’, घोळीच्या भाजीवर ‘एगफ्लाय’ मंडळी. बूट पडला तरी लक्षात येणार नाही अशा आंबुशीच्या आंबट पानांवर नखाएवढे ‘पेल ग्रास ब्लू’ वाढते. आंब्याच्या पानांवर ‘बॅरन’ची हिरवी, झालरदार अळी इतकी बेमालूम बसते की ती पानाची मधली शीरच वाटावी. रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेल्या उंच, निमुळत्या अशोकावर ‘टेल्ड जे’ अंडी घालते; शहरी वृक्षलागवडीचा फुलपाखरांना नकळत झालेला हा एक लाभ. कढीपत्ता आणि लिंबू ही तर गच्चीवरच्या कुंडीतही असतात आणि त्यांच्यावर ‘लाइम’ व ‘कॉमन मॉरमॉन’ यांच्या अळ्या हटकून सापडतात. लहानपणी या अळीचे सोंग पक्ष्याच्या विष्ठेसारखे असते. ते पाहून अनेक गृहिणी पान पुसायला जातात आणि मग ‘विष्ठा’ चालू लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. काठावरचे सगळेच तण फुलपाखरांच्या कामाचे असते असे नाही. घाणेरीच्या गुच्छांवर फुलपाखरांची सतत गर्दी असते, छायाचित्रेही सुरेख मिळतात. परंतु अमेरिकेतून आलेल्या या झुडपाचा आपल्याकडच्या अळ्यांना जवळजवळ काहीच उपयोग नाही. खाणावळ आहे, पण प्रसूतिगृह नाही, अशी तिची अवस्था. उलट टाकळा, घोळ आणि आंबुशी यांच्या फुलांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण पुढची पिढी तेथे जन्मते. निरीक्षकाने फुलांइतकेच लक्ष पानांकडे द्यावे, हे त्यामुळेच. कुरतडलेले पान दिसले की ते उलटून पाहावे. अळी सापडण्याची शक्यता बरीच असते.

तलावाच्या काठाचे खरे वैशिष्ट्य मात्र चिखलात आहे. पाणी ओसरू लागले की ओल्या मातीच्या जागा उघड्या पडतात आणि ऊन तापताच तेथे फुलपाखरे उतरू लागतात. आधी एखादे ‘एमिग्रंट’ बसते. वरून जाणारे दुसरे त्याला पाहून खाली येते. मग ‘लाइम’, ‘कॉमन जे’, निळसर पट्ट्याचे ‘ब्लूबॉटल’ आणि अवतीभवती चिमुकली निळी फुलपाखरे, असा मेळा जमतो. साऱ्यांच्या सोंडा मातीत रुतलेल्या. या वर्तनाला मराठीत ‘चिखलपान’ असा समर्पक शब्द रूढ झाला आहे. वरवर पाहता ती पाणी पितात असे वाटते. वस्तुतः त्यांना हवे असतात त्या पाण्यात विरघळलेले क्षार, विशेषतः सोडियम. वनस्पतींच्या पानांत आणि मधुरसात सोडियम फार थोडे असते. ते मिळवण्यासाठी फुलपाखरू पाणी शोषत राहते, क्षार ठेवून घेते आणि नको असलेले पाणी शरीराच्या मागच्या टोकातून थेंबाथेंबाने, कधी बारीक पिचकारीसारखे बाहेर टाकते. नेमका हा थेंब टिपण्यासाठी छायाचित्रकार तासन्‌तास चिखलात बसतात.

या मेळ्यात बहुतांश नर असतात, हे त्यातले मर्म. नराने गोळा केलेले क्षार मीलनाच्या वेळी शुक्राणूंसोबत मादीला दिले जातात आणि तिच्यामार्फत अंड्यांना मिळतात. आहेराची ही रीत कीटकशास्त्रज्ञांनी तपशिलाने अभ्यासली आहे. क्षारांच्या शोधात फुलपाखरे माणसाला ओंगळ वाटणाऱ्या जागांवरही बसतात. जनावरांचे शेण, मूत्राने भिजलेली माती, मेलेल्या खेकड्याचे अवशेष, माणसाच्या हातावरचा घाम यांतले काहीही त्यांना चालते. फुलपाखरू म्हटले की कवींना फुले आठवतात. खुद्द फुलपाखराची आवड इतकी सोवळी नाही.

चिखलपानात गुंतलेले फुलपाखरू एरवीपेक्षा बरेच बेसावध असते आणि नवशिक्या छायाचित्रकाराला हीच संधी. तथापि पवईच्या काठावर गुडघे टेकण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगणे इष्ट. या तलावात मगरींची वस्ती आहे. पाण्याच्या अगदी कडेला, कॅमेऱ्यात डोळा घालून, आजूबाजूचे भान सोडून बसणे येथे शहाणपणाचे नाही. काठापासून काही मीटर आत, नजर मोकळी राहील अशा जागी बसावे आणि सोबत कोणीतरी असावे. ‘आयआयटी’च्या आवारातील काठ हा संस्थेच्या परवानगीचा विषय आहे, हेही ध्यानात घ्यावे.

वेळेचे गणित फुलपाखराच्या शरीरावर अवलंबून असते. ते स्वतःचे तापमान आपल्यासारखे स्थिर राखू शकत नाही. उडण्यासाठी त्याच्या छातीतील स्नायू साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापावे लागतात. म्हणून सकाळी ते पंख पसरून उन्हात बसते. काही जाती पंख मिटून आपली एक बाजू सूर्याकडे करतात. साडेआठ ते साडेदहा हा काळ त्यासाठीच मोलाचा. ऊन नुकतेच पसरलेले असते, फुलपाखरे पुरती तापलेली नसतात आणि प्रकाशही मवाळ असतो. अकरानंतर त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. भर दुपारी ती सावलीत शिरतात. अपवाद ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’चा. दिवसभर पाचोळ्यात पडून राहणारे हे फुलपाखरू दिवेलागणीच्या सुमारास बाहेर पडते आणि कधी कधी दिव्याच्या ओढीने घरात शिरते.

हंगामाविषयी बोलायचे तर श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम. मूळचे पुण्याचे आणि पुढे बंगळुरूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये संशोधन करणारे डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी उत्तर सह्याद्रीतील चार प्रकारच्या अधिवासांत केलेला अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि हिवाळ्याचा आरंभ या काळात फुलपाखरांची संख्या सर्वाधिक असते, असे त्यात दिसून आले. याचे कारण उघड आहे. जूनच्या पावसाने कोवळी पालवी फुटते, त्यावर अंडी पडतात. अंड्यातून तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, सुमारे दोन आठवडे खात राहते, मग आठ-दहा दिवस कोशात जातात. म्हणजे महिन्याभरात एक पिढी तयार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अशा पिढ्यांवर पिढ्या जमत जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा बहर दिसतो.

ऋतूनुसार एकाच जातीचे रूपही पालटते. ‘ईव्हनिंग ब्राउन’च्या पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठळक डोळे असतात, कोरड्या ऋतूतील पिढीत ते जवळपास नाहीसे होऊन पंख हुबेहूब वाळल्या पानासारखे होतात. ‘पीकॉक पॅन्झी’चेही तसेच, तिच्या उन्हाळी पंखांची कड टोकदार होते आणि मिटलेले पंख पानाच्या देठासह पान वाटतात. हिरव्यागार गवतात शत्रूला चकवण्यासाठी डोळे उपयोगी, पाचोळ्यात मात्र पाचोळा होणेच सुरक्षित. अळीच्या अवस्थेत लाभलेले तापमान आणि आर्द्रता यांवर हा फरक ठरतो. एकाच जागी वर्षभर छायाचित्रे काढणाऱ्यालाच हे नाट्य क्रमाने पाहता येते. रविवारी एकदा येऊन जाणाऱ्याच्या हाती त्याचा एखादाच अंक लागतो.

नवशिक्याने आरंभ करावा तो ‘प्लेन टायगर’पासून. मराठीत ‘बिबळ्या कडवा’ असे नेमके नाव लाभलेले हे केशरी फुलपाखरू अतिशय संथ उडते. त्याला घाई नसण्याचे कारण त्याच्या पोटात आहे. त्याच्या अळीने रुईच्या चिकातील हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये शरीरात साठवलेली असतात आणि ती प्रौढाकडेही येतात. एकदा ते तोंडात घेतलेला पक्षी पुन्हा त्या वाटेला जात नाही. नर ‘टायगर’ आणि ‘क्रो’ फुलपाखरे तर भुरुंडी आणि खुळखुळा यांच्या वाळक्या भागांवरही झुंबड करतात. तेथील अल्कलॉइड त्यांना संरक्षणासाठी आणि मादीला आकर्षित करणारा गंध बनवण्यासाठी लागतात.

या कडव्याच्या नावलौकिकावर दुसरे कोणीतरी जगते. ‘डॅनेड एगफ्लाय’ अर्थात छोटा चांदवा या फुलपाखराचा नर काळा, पंखांवर जांभळी झाक असलेल्या पांढऱ्या चंद्रांचा. पण मादी मात्र थेट ‘प्लेन टायगर’सारखी केशरी. तिच्यात विष नाही, केवळ सोंग आहे. उडताना दोघींत फरक करणे अनुभवी निरीक्षकालाही जड जाते आणि येथेच छायाचित्र कामी येते. मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके तीन-चार असतील तर तो ‘प्लेन टायगर’. पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच ठिपका असेल तर ती चांदव्याची मादी. ज्या फुलपाखराला निरीक्षक ‘नेहमीचेच’ म्हणून सोडून देतात, त्यात ही सोंगाडी मादी हमखास निसटते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या परिशिष्टांची २०२२च्या दुरुस्तीने फेरमांडणी होण्यापूर्वी हे फुलपाखरू अनेक वर्षे पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत होते.

‘कॉमन मॉरमॉन’ची कथा याहून गुंतागुंतीची. मराठीत त्याला ‘बहुरूपी’ म्हणतात ते उगाच नव्हे. नर सदैव एकाच रूपाचा, परंतु माद्या तीन रूपांत आढळतात. एक नरासारखीच, दुसरी विषारी ‘कॉमन रोझ’ची नक्कल करणारी आणि तिसरी ‘क्रिमझन रोझ’ची. एकाच आईच्या पोटी ही भिन्न रूपे जन्मू शकतात. हे कसे घडते, या जुन्या कोड्याचे उत्तर डॉ. कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत दिले. कीटकांत लिंगभेद ठरवण्याच्या कामी येणारे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक मादीच्या पंखांवरील संपूर्ण नक्षीची कळ फिरवते, असे त्यांनी दाखवून दिले. कढीपत्त्याच्या कुंडीवर जगणाऱ्या फुलपाखरात जनुकशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न दडलेला होता.

आता कॅमेऱ्याविषयी. महागडी भिंगे हवीतच असे नाही. शंभर मिलिमीटरच्या आसपासचे मॅक्रो भिंग असल्यास उत्तम, कारण अंतर राखून पूर्ण चौकट भरता येते. परंतु अलीकडच्या चांगल्या मोबाइलनेही चिखलपान करणारी किंवा सकाळच्या उन्हात बसलेली फुलपाखरे समाधानकारक टिपता येतात. खरा कस लागतो तो जवळ जाण्यात. फुलपाखराचे डोळे हजारो भिंगांचे असतात. बारीक आकार त्याला कळत नसला तरी हालचाल चटकन कळते. म्हणून सरळ चालत न जाता खाली वाकून, हळूहळू आणि थांबत थांबत पुढे सरकावे. सूर्य कोठे आहे हे आधी पाहावे. छायाचित्रकाराची सावली पंखांवर पडली की सगळी मेहनत वाया. उडालेल्या फुलपाखरामागे धावण्यापेक्षा जागीच बसून राहावे. अनेक ‘पॅन्झी’ आपली हद्द सांभाळून असतात आणि फेरी मारून त्याच दगडावर वा काडीवर परत येतात.

कॅमेऱ्याची पाती आणि पंखांची पाती एकमेकांना समांतर राहिली तर पंख टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट येतो. केंद्र मात्र डोळ्यावर साधावे. डोळा अस्पष्ट असेल तर बाकीचे कितीही रेखीव असले तरी छायाचित्र निर्जीव दिसते. काही रंग कोनावरच अवलंबून असतात. ‘ग्रेट एगफ्लाय’ नराच्या पांढऱ्या चंद्राभोवतीची जांभळी-निळी झळाळी रंगद्रव्याची नसून खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. दोन पावले डावीकडे सरकले की ती प्रकटते, उजवीकडे सरकले की विझते. अशा वेळी फ्लॅश मारणे म्हणजे तिचा घात करणे होय.

अनेकांची संग्रही शेकडो सुंदर छायाचित्रे असतात आणि त्यातल्या निम्म्या फुलपाखरांची ओळख पटत नाही, कारण फक्त पंखांची वरची बाजू टिपलेली असते. चिमुकली निळी फुलपाखरे आणि तपकिरी ‘स्विफ्ट’ यांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरूनच ठरते. दोन्ही बाजू, शक्य असल्यास ते ज्या झाडावर बसले होते त्याचे पान, तारीख, वेळ आणि ठिकाण एवढे नोंदवले की साध्या छायाचित्राचेही मोल वाढते. संदर्भासाठी डॉ. कुंटे यांचे ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ (२०००) आणि आयझॅक किहिमकर यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ (२००८) ही पुस्तके आहेत. किहिमकरांचे पुस्तक १८८३मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्याच ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’शी निगडित आहे. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळांवर छायाचित्रे पाठवली की जाणकारांकडून ओळख पक्की होऊन नोंद जमा होते. २०२०पासून सप्टेंबर महिन्यात देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ भरू लागला, तोही अशा हौशी नोंदींच्या बळावर.

नावांचा घोळ मात्र होतो. भारतातील तेराशेहून अधिक जातींपैकी बहुतेकांची रूढ नावे इंग्रजी अमदानीतील आहेत आणि ‘बॅरन’, ‘सार्जंट’, ‘कमांडर’, ‘सेलर’ अशी नावे ऐकताना लष्कराची छावणी आठवते. ‘हळदीकुंकू’, ‘हबशी’, ‘चांदवा’ अशी मराठी नावे अलीकडे रुळू लागली आहेत. ‘कॉमन जेझेबेल’ला हळदीकुंकू म्हणणाऱ्याने ते नीट पाहूनच नाव दिले असले पाहिजे. पंखांखालचा पिवळा आणि लाल रंग पाहिल्यावर दुसरे नाव सुचतच नाही. त्याची अळी आंब्यासारख्या झाडांवरच्या बांडगुळावर वाढते. बागायतदार ज्याला शत्रू मानतो, त्यावर हळदीकुंकवाचा वंश चालतो.

छायाचित्राच्या मोहात होणाऱ्या आगळिकी गंभीर आहेत. फुलपाखराला शीतकपाटात ठेवून गारठवायचे आणि मग फुलावर मांडून छायाचित्र काढायचे, असले प्रकार काही जण करतात. असे फुलपाखरू जाणत्याच्या नजरेला लगेच ओळखू येते; भलत्याच फुलावर, भलत्याच वेळी, पाय आखडून बसलेले. कोश पाहण्यासाठी फांदी मोडणे, आड येणारे गवत उपटणे, अंडी असलेले पान घरी नेणे हेही टाळायला हवे. समोर आडवे आलेले गवत बोटाने बाजूला धरता येते. उपटलेल्या गवतावर एखाद्या ‘बुशब्राउन’ची अळी असू शकते.

अर्थात हौशी छायाचित्रकारांच्या हातून होणारे नुकसान किरकोळच म्हणायचे. काठाचे भवितव्य ठरते ते सुशोभीकरणाच्या आराखड्यांत. मुंबई महापालिकेने पवई तलावाभोवती सायकल व जॉगिंगसाठी मार्ग बांधण्याचे काम २०२१मध्ये हाती घेतले. तारेच्या जाळ्यांत दगड भरून काठालगत भराव रचण्याची ती पद्धत होती. तिच्याविरोधात याचिका दाखल झाल्या आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून, झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पाणथळ जागांविषयीचे २०१७चे नियम या निकालाच्या मुळाशी होते. सुनावणीत चर्चा पाण्याची, मगरींची आणि तलावाच्या परिसंस्थेची झाली. फुलपाखरांच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न आणखी सोपा आहे. चिखलपान व्हायचे तर उतरता, ओला, उघडा काठ हवा. दगडाची भिंत उभी राहिली की पाणी एका बाजूला आणि कोरडी जमीन दुसऱ्या बाजूला, मधला ओला पट्टाच संपतो. कोळसुंदा दगडांच्या जाळीत उगवत नाही.

सायकल मार्गाएवढा गाजावाजा न होता घडणाऱ्या गोष्टी याहून अधिक आहेत. हिरवळीचे गालिचे आणि परदेशी फुलझाडांचे वाफे यांमुळे जागा नेटकी दिसते, परंतु अळीला तेथे खायला काही नसते. डासांसाठी होणारी धूरफवारणी डास आणि इतर कीटक यांत भेद करत नाही. आणि सर्वांत मोठा आघात होतो तो गवतकापणीच्या वेळेमुळे. पावसाळा सरत आला की सणासुदीपूर्वी काठ ‘साफ’ करण्याची पद्धत बहुतेक शहरांत आहे. ही सफाई सप्टेंबरात झाली, तर फुलपाखरांची संख्या शिगेला असताना, नेमक्या अळ्यांनी भरलेल्या टाकळ्यावर आणि घोळीवर विळा चालतो. टाकळा हा वर्षायू. दिवाळीनंतर त्याच्या शेंगा तडकून बी जमिनीवर पडते आणि झुडूप आपोआप वाळते. तोपर्यंत ‘ग्रास यलो’च्या अनेक पिढ्या पंख घेऊन उडून गेलेल्या असतात. कापणी तेव्हा झाली, आणि तीही एका वेळी सगळ्या काठावर न होता पट्ट्यापट्ट्याने झाली, तर पादचाऱ्यांना वाट मोकळी मिळते आणि पुढच्या जूनमध्ये टाकळा त्याच जागी पुन्हा उगवतो. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. कंत्राटातील कापणीची तारीख दोन महिने पुढे सरकवावी लागेल, इतकेच. ही तारीख कोणती असावी हे ठरवायला मात्र कोणत्या महिन्यात कोणत्या झाडावर किती अळ्या होत्या, याची त्या-त्या काठावरची नोंद लागते. आणि ती आज मुख्यतः रविवारी सकाळी पाण्याकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या हौशी मंडळींच्या कॅमेऱ्यांत आहे.